वाकलं की डोकं दुखतं: मेंदूतल्या कोलॉइड सिस्टचं निदान आणि ऑपरेशन, सीमाभागातल्या घरांसाठी

माझा धाकटा भाऊ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावी शेती करतो. आषाढात भाताचं रोप लावायचं म्हणजे दिवसभर चिखलात कमरेत वाकून काम. चार वर्षांपूर्वी त्या वाकण्यातच त्याचं डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या आत मूठ आवळल्यासारखं होतंय, असं सांगायचा. बांधावर येऊन आडवा झाला की अर्ध्या तासात थांबायचं. घरात सगळे म्हणाले, पित्त आहे. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका, मीही तेच म्हटलं आणि गोळी दिली. एका खासगी दवाखान्यात तेरा महिने वेगवेगळ्या गोळ्या झाल्या. दुखायला लागतं तेव्हा तो काय करत असतो, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका सकाळी बांधावर उभा असताना त्याचे गुडघे एकदम गेले. पडला, चिखलात बसून राहिला, दोन मिनिटांत उठला. संध्याकाळी मला म्हणाला, ‘‘अक्का, पाय गेले, पण मला सगळं कळत होतं गं.’’ हे वाक्य बेळगावच्या एका डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी त्याच दिवशी सीटी स्कॅन करायला लावला. मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीत ११ मिलिमीटरची कोलॉइड सिस्ट निघाली.

हे त्या अनुभवातून आणि त्यानंतर मी ज्या घरांसोबत दवाखान्यांत बसले त्यातून लिहिते आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे न्यूरोसर्जनच ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोचणं आणि त्यांचं बोलणं समजून घेणं हे आपल्या हातात आहे.

गाठ साधी, जागा वाईट

कोलॉइड सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची, आत घट्ट बुळबुळीत द्रव भरलेली गोल पिशवी. हा कॅन्सर नाही. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. आईच्या पोटात असताना पेशींचा एक छोटा पुंजका नको त्या जागी राहून जातो आणि पुढे आयुष्यभर हळूहळू स्राव सोडत राहतो. त्यात आईचा, खाण्यापिण्याचा किंवा कुणाच्या दृष्टीचा काही संबंध नसतो. आजार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाखांत साधारण तिघांत तो सापडतो आणि मेंदूतल्या सगळ्या गाठींत त्याचा वाटा शंभरात एक-दोन इतकाच. बहुतेकांना तो २० ते ५० या वयात, म्हणजे ऐन कामाच्या वर्षांत त्रास देतो. १८५८ मध्ये पहिल्यांदा त्याची नोंद झाली ती शवविच्छेदनात. १९२१ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी ही सिस्ट पहिल्यांदा यशस्वीपणे काढली.

आता जागेचं समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव तयार होतो, दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर. एका वेळी मेंदू आणि मणक्यात मिळून तो १५० मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं. वरच्या दोन मोठ्या पोकळ्यांतलं पाणी दोन बारीक छिद्रांतून तिसऱ्या पोकळीत उतरतं. या छिद्रांना मोन्रोची छिद्रं म्हणतात. कोलॉइड सिस्ट तिसऱ्या पोकळीच्या छताला, नेमकी या छिद्रांच्या तोंडाशी लोंबकळते.

भात करणाऱ्याला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरायला बांधाला तोंड ठेवतो आपण. त्या तोंडात एक ढेकूळ येऊन बसलं तर वरचं खाचर तुंबतं. ढेकूळ जरा हललं तर पाणी वाहतं, परत बसलं तर परत तुंबतं. वाकल्यावर दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं याचं कारण अनेकांत हेच मानलं जातं. आणि ढेकूळ पक्कं बसलं तर काही तासांत कवटीच्या आतला दाब इतका वाढू शकतो की माणूस बेशुद्ध होतो, क्वचित दगावतो. पाठीवर लिंबाएवढी चरबीची गाठ वर्षानुवर्षं काही करत नाही. इथे मोठ्या हरभऱ्याएवढी पुरते. म्हणून ‘कॅन्सर नाही ना, मग बघू पुढच्या सुगीनंतर’ हे या गाठीला लागू पडत नाही.

पहिली पायरी: डोकेदुखीची वही

डोकेदुखी घरोघरी असते आणि तिच्यातली बहुतेक अर्धशिशी, ताण, चष्म्याचा नंबर किंवा सर्दीचीच असते. प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. वेगळी डोकेदुखी ओळखायला शंभर पानी वही आणि दोन-तीन आठवडे पुरतात. दुखलं की तारीख आणि वेळ लिहा. त्या वेळी अंग कसं होतं ते लिहा: वाकलेलं, उभं, झोपलेलं, शौचाला बसून जोर लावताना, खोकताना, पोतं उचलताना. कशानं थांबलं, किती वेळात थांबलं. उलटी झाली का, आणि उलटीनं बरं वाटलं का. पहाटे दुखण्यानं जाग येते का.

एक सावधगिरी इथेच सांगते. अंग हलवण्याशी जोडलेली डोकेदुखी ही या सिस्टची पुस्तकातली खूण, पण ती सगळ्यांत नसते. कित्येकांची डोकेदुखी अगदी साधीच वाटते. त्यामुळे वहीत ही खूण नाही म्हणून सुटलो असं समजू नका. बाकीच्या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या.

त्यातली सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे स्मरण. माझा भाऊ दूध डेअरीला घालून यायचा आणि तासाभरानं आईला विचारायचा, दूध घातलं का गं? आम्हाला वाटलं कर्जाची काळजी. जुन्या गोष्टी लख्ख आठवतात आणि सकाळची आठवत नाही, असा हा विसर असतो. ताज्या आठवणी साठवण्याच्या कामातली फॉर्निक्स नावाची नाजूक दोरी या सिस्टला अगदी लागूनच जाते. पेशंटला स्वतःला हे कळत नाही, म्हणून हा रकाना घरच्यांनी भरायचा. चाल बदलली असेल, पाय फाकवून किंवा घासत चालत असेल, तर मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर लाज न धरता लिहा.

पाय अचानक जाऊन पडणं हे फिट नव्हे. फिटमध्ये बहुतेकदा शुद्ध जाते, हातपाय झटके देतात, जीभ चावली जाते, नंतर माणूस सुस्त असतो. इथे गुडघे दुमडतात, पण शुद्ध असते. डॉक्टरांना ‘चक्कर आली’ असं एका शब्दात सांगू नका. काय झालं ते पायरीपायरीनं सांगा. आणि नाकाला कांदा-चप्पल लावणं, देवऋषाकडे अंगारा घ्यायला नेणं यात दिवस घालवू नका. देवाला नारळ नंतरही फोडता येतो.

भाषेचंही बघायला हवं. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर बरेचदा कानडी बोलणारे असतात. बहुतेक जण मराठी समजून घेतात, पण घाईत सगळं पोचत नाही. ‘तले नोवु यावाग बरतद?’ म्हणजे डोकं कधी दुखतं, हा प्रश्न कळायला हवा. वांति म्हणजे उलटी. ‘बग्गिदाग’ म्हणजे वाकल्यावर. इतकं सांगता आलं तरी अर्धं काम होतं. कानडी येणारा शेजारी सोबत असेल तर उत्तमच.

कधी वही बाजूला ठेवायची

डोकेदुखी काही तासांत चढत गेली आणि उलट्या थांबेनात. माणूस झोपाळू झाला, हाक मारली तरी नीट ओ देईना. एकाचं दोन दिसायला लागलं किंवा नजर धूसर झाली. उभं राहता येईना. फिट आली. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली. यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. तोपर्यंत डोकं आणि छाती थोडी उंच ठेवून झोपवा, उलटी होत असेल तर कुशीवर. तोंडात पाणी, चहा, गोळी काही नको. झोपेची गोळी तर अजिबात नको, ती झोप आणि बेशुद्धी यातला फरक पुसून टाकते. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

जायचं ते सीटी मशीन आणि न्यूरोसर्जन दोन्ही असतील तिथे. वाटेतल्या दवाखान्यात सलाईन लावून दोन तास घालवले तर ते दोन तास परत मिळत नाहीत. सिस्ट आधीच सापडलेली असेल तर गाडीत बसल्याबसल्या हे सांगा: ‘तिसऱ्या पोकळीत कोलॉइड सिस्ट आहे, पाठीतलं पाणी काढू नका.’ मेंदूज्वरासारख्या दुखण्यात तपासणीसाठी मणक्यातून पाणी काढतात. इथे वरचा दाब तसाच आणि खालचा कमी झाला तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. स्कॅनच्या आधी ही सुई टोचायची नाही.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या, भीमगडाच्या जंगलातल्या काही वाड्यांना पावसाळ्यात चारचाकी पोचत नाही, पेशंटला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथल्या कुणाला ही सिस्ट सापडली आणि ऑपरेशनची तारीख लांब असेल, तर तेवढे दिवस पेशंटला बेळगावात किंवा निदान खानापुरात पाहुण्यांकडे ठेवा. हे मी अगदी कळकळीनं सांगते.

तपासण्या, ज्या क्रमानं होतात त्या क्रमानं

डॉक्टर आधी नजर, डोळ्यांची हालचाल, चाल, हातापायांची ताकद बघतात. त्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यात औषध घालून पडद्यामागची नस बघून घ्या. मेंदूतला दाब वाढला की त्या नसेला सूज येते. ही तपासणी स्वस्त आहे आणि निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी अशा गावांतच होते, त्यासाठी लांब जावं लागत नाही. सूज दिसली तर त्याच दिवशी स्कॅन. मात्र सूज नसली म्हणजे दाब नाही असं नाही.

मग साधा सीटी स्कॅन. पाच-दहा मिनिटांचं काम. बहुतेक सिस्ट त्यात मेंदूच्या मध्यावर पांढऱ्या गोल ठिपक्यासारखी दिसते आणि वरच्या पोकळ्या फुगल्या आहेत का हेही लगेच कळतं. काही सिस्टचा रंग मात्र मेंदूसारखाच असतो आणि सीटीत ती निसटते. पोकळ्या फुगलेल्या आणि कारण दिसत नाही, असा रिपोर्ट आला तर पुढची तपासणी सोडू नका.

ती पुढची म्हणजे एमआरआय. अर्धा-पाऊण तास बोगद्यासारख्या मशीनमध्ये, मोठ्या आवाजात, न हलता पडून राहायचं. मंगळसूत्र, जोडवी, नथ, करदोट्यातला ताईत, सगळं काढायचं. पेसमेकर, हाडातल्या पट्ट्या किंवा कानातलं मशीन असेल तर आधी सांगायचं. शिरेतून रंगाचं औषध देणार असतील तर त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, किडनी नीट चालते का ते त्यावरून कळतं. सपाट झोपून दुखणं वाढत असेल तर तेही टेक्निशियनला सांगा. स्कॅन चालू असताना पेशंट सुस्त झाला तर थांबवता यायला हवं. ऑपरेशन ठरणार असेल तर शिरांचं चित्र दाखवणारा एमआरआयही त्याच वेळी करून घेतात, म्हणजे पुन्हा जाणं-येणं वाचतं.

एक तपासणी मात्र आपण मागून घ्यावी लागते: ऑपरेशनआधी स्मरणशक्तीची चाचणी. मानसतज्ज्ञ तासाभरात शब्द, आकडे, चित्रं लक्षात ठेवायला लावून करतात. नंतर विसर जाणवला तर तो आधीचा की नंतरचा, हे फक्त यावरूनच सांगता येतं. आमची ती राहून गेली.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं

सिस्टची सगळ्यात मोठी मापं, मिलिमीटरमध्ये. वरच्या दोन्ही पोकळ्या फुगल्या आहेत का. तसं असेल तर रिपोर्टमध्ये हायड्रोसेफॅलस हा शब्द असतो. पोकळ्यांच्या कडेला पाणी झिरपल्याच्या खुणा आहेत का. टी-टू नावाच्या चित्रात सिस्ट काळी दिसते की पांढरी. काळी असेल तर आतला माल बहुधा घट्ट, जवळजवळ मेणासारखा असतो आणि तो ओढून काढायला वेळ लागतो. फ्लेअर नावाच्या चित्रात ती चकाकते का, हेही सर्जन बघतात.

‘सिस्ट’ हा एकच शब्द वाचून घाबरू नका आणि निवांतही होऊ नका. अॅरॅक्नॉइड सिस्ट, पिनिअल सिस्ट या बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडतात आणि बहुतेकींना काहीच करावं लागत नाही. आपल्या भागात फिट आणि डोकेदुखीचं एक मोठं कारण म्हणजे पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. ती अंडी न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून पोटात जातात, म्हणून शुद्ध शाकाहारी लिंगायत-जैन घरांतही तो आजार होतो. त्याचे उपचार पूर्ण वेगळे, बहुतांशी गोळ्यांचे. कोलॉइड सिस्ट मात्र कुठल्याच गोळीनं, काढ्यानं, लेपानं विरघळत नाही.

थांबायचं की ऑपरेशन करायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पोकळ्या फुगल्या असतील किंवा सिस्टमुळे त्रास होत असेल तर बहुतेक सर्जन ऑपरेशनच सांगतात आणि तिथे दुसरं मत घेण्यातही फार दिवस घालवू नयेत. उलट योगायोगानं सापडलेली लहान सिस्ट, काही त्रास नाही, पोकळ्या नेहमीएवढ्या, तर थांबून लक्ष ठेवणं हाही योग्य उपचार आहे. पहिला एमआरआय साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाला. ती वाढली किंवा लक्षणं सुरू झाली की निर्णय बदलतो.

या दोन्हींच्या मधल्यांसाठी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सर्जननी पाच गुणांची एक मोजणी मांडली. वय ६५ पेक्षा कमी, डोकेदुखी असणं, सिस्ट ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, फ्लेअरवर चकाकणं, आणि तिसऱ्या पोकळीत धोक्याच्या भागात असणं. प्रत्येकाचा एक गुण. चार किंवा पाच झाले तर पाणी तुंबण्याचा धोका जास्त. सर्जनना सरळ विचारा: आमचे किती गुण होतात? या एका प्रश्नानं बोलणं नेमकं होतं. भावाचे पाच झाले.

कुठे, आणि कोणत्या कागदावर

बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर आणि सांगली-मिरज जवळ, खानापूर-हल्याळकडच्यांना हुबळी-धारवाड, आणि चोर्ला घाट उतरला की गोव्यात बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज. बंगळूरचं निम्हान्स हे मेंदूच्या आजारांचं देशातलं मोठं सरकारी केंद्र, पण ते ५०० किलोमीटरवर आहे. तब्येत स्थिर असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं. उलट्या आणि झोपाळूपणा असताना रात्रभराचा प्रवास करायचा नाही, जवळच्या न्यूरोसर्जनकडेच आधी दाब कमी करून घ्यायचा.

बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. नेहमीच्या, ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनला सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. ते आधी घ्या, खासगीत भरती झाल्यावर धावपळ नको. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी या कर्नाटकच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे का बघा. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचं ठरवलं. तो घेण्यासाठी रुग्णालयातल्या योजनेच्या मदत कक्षात आधी फोन करून कुठले दाखले लागतील ते लिहून घ्या आणि मगच निघा. दोन राज्यांच्या वादात आपला पेशंट अडकू द्यायचा नाही. जे कार्ड ज्या दारात चालतं त्या दारात जायचं.

सर्जनना विचारायचे प्रश्न मी असे लिहून दिले होते: ही सिस्ट तुम्ही दुर्बिणीनं काढता की कवटी उघडून, आणि आमच्यासाठी ते का? अशी किती केली आहेत? दुर्बिणीत रक्तस्राव झाला तर त्याच टेबलावर कवटी उघडायची तयारी असते का? भिंतीचा तुकडा राहिला तर पुढे काय? चांगले सर्जन या प्रश्नांनी रागावत नाहीत.

ऑपरेशन: आत नेमकं काय होतं

आज बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीनं, म्हणजे एंडोस्कोपनं काढतात. पूर्ण भूल दिली जाते. डोकं तीन टोकांच्या पकडीत पक्कं करतात, कारण आत मिलिमीटरचा हिशेब असतो. सगळं डोकं भादरत नाहीत, कपाळाच्या वर केसांच्या रेषेमागची पट्टी तेवढी. मध्यरेषेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाजूला, बहुतेकदा उजवीकडे, कवटीला नाण्याएवढं भोक पाडतात. उजवीकडे यासाठी की बोलण्याची केंद्रं बहुतेकांत डाव्या बाजूला असतात. मेंदूच्या आवरणाला छेद देऊन पेन्सिलच्या जाडीची नळी फुगलेल्या पोकळीत उतरवतात. पोकळी फुगलेली असणं इथे उलट सोयीचं, आत जागा मिळते.

पडद्यावर पहिल्यांदा दिसतं ते स्वच्छ पाणी, त्यात डोलणारा लालसर झालर असलेला गुच्छ आणि दोन निळसर शिरा. या शिरा मोन्रोच्या छिद्राशी येऊन मिळतात. सर्जन त्यांच्याच खुणेनं चालतात. छिद्रात सिस्ट बसलेली असते, राखाडी-हिरवट, द्राक्षासारखी. तिच्या भिंतीवर विजेच्या बारीक टोकानं डाग देऊन तिला भोक पाडतात आणि आतला चिकट माल शोषून घेतात. पिशवी सैल पडली की ती छतापासून हळूहळू सोडवायची. कठीण काम हेच. छताला मोठ्या शिरा चिकटलेल्या असतात आणि छिद्राच्या पुढच्या कडेनं फॉर्निक्स जाते. ओढलं तर रक्त, घासलं तर स्मरण. म्हणून शिरेला घट्ट चिकटलेला भिंतीचा तुकडा अनुभवी सर्जन कधीकधी मुद्दाम ठेवून त्यावर डाग देतात. ‘पूर्ण निघाली नाही’ हे ऐकून त्यांच्यावर चिडू नका. सगळा वेळ अंगाच्या उष्णतेइतकं कोमट केलेलं द्रावण आत खेळवत ठेवतात. थोडं रक्त आलं तर याच धुण्यानं थांबतं. शेवटी दोन्ही बाजूंचं पाणी वाहतंय का ते बघतात. काढलेली भिंत पॅथॉलॉजीला जाते.

दुसरी पद्धत सूक्ष्मदर्शकाखाली कवटीचा छोटा तुकडा उघडून, दोन्ही मेंदूगोलार्धांच्या मधल्या फटीतून जाण्याची. पोकळ्या फुगलेल्या नसतील किंवा सिस्ट मोठी आणि घट्ट असेल तेव्हा ती सोयीची पडते. यात सिस्ट पूर्ण निघण्याचं प्रमाण जास्त, पण त्रासाचं आणि मुक्कामाचं प्रमाणही साधारण जास्त. नुसती सुईनं सिस्ट रिकामी करणं आता मागे पडलं आहे, ती परत भरते.

आणीबाणीत आधी बाहेरून पाणी काढणारी नळी, ईव्हीडी, टाकून दाब उतरवतात. छिद्रं दोन्ही बंद असली तर कधी दोन्ही बाजूंना. त्यानं जीव वाचतो, सिस्ट तिथेच राहते. काहींना कायमची आतली नळी, शंट, लागते. फक्त शंटवर सोडायचं असं कुणी सुचवलं तर कारण विचारा, कारण शंट बंद पडला की आपण परत सुरुवातीला येतो.

जोखमी स्पष्ट ऐकून घ्या: रक्तस्राव, स्मरणाचा तात्पुरता आणि क्वचित कायमचा त्रास, मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग, फिट, अंगाच्या एका बाजूची कमजोरी. सही करण्याआधी हे मराठीतून सांगा असा आग्रह धरायचा. तो आपला हक्क आहे.

भरती होण्याआधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅस्पिरिन, रोजची पेनकिलर, आयुर्वेदिक चूर्णं, सगळं सांगा आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद करा. मनानं बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात बायका मिश्री लावतात आणि ती कुणी तंबाखूत मोजत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मिश्री, बिडी, गुटखा सगळं सांगा आणि जितके आठवडे आधी सुटेल तितकं बरं. साधारण सहा तास आधीपासून पोटात अन्न नको. सोबत एकच माणूस ठेवा जो सगळ्या सूचना ऐकेल; रोज वेगळा पाहुणा बसला की निरोप हरवतात.

नंतरचे दिवस

पहिला दिवस-दोन दिवस आयसीयू. नर्स दर तासाला नाव, गाव, वार विचारतात, डोळ्यांत बॅटरी मारतात. पेशंट कंटाळून चिडतो, पण झोपू द्या म्हणून नर्सला अडवू नका. ते विचारणं हीच तपासणी असते. डोक्यातून बाहेर आलेली ईव्हीडीची नळी आणि बाटली असेल तर बाटलीची उंची ठरलेली असते. पलंग वर-खाली करायचा तर आधी नर्सला सांगायचं, स्वतः कळ फिरवायची नाही.

भाऊ दुसऱ्या दिवशी मला ओळखायचा आणि मी येऊन गेले हे दहा मिनिटांत विसरायचा. आई रडली. सर्जन म्हणाले, फॉर्निक्सला धक्का बसतो, थांबा. तीन आठवड्यांत बरंच सुधारलं. ऑपरेशनच्या आसपासचे दोन दिवस त्याला आजही आठवत नाहीत. इतरांत हे कमी-जास्त होतं, काहींना काहीच होत नाही.

पहिल्या दिवसांत ताप आणि मान आखडणं हे सिस्टमधला द्रव आत सांडल्यामुळेही होतं आणि जंतूंमुळेही. कुठलं ते तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून घरी गेल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. तसंच टाक्यातून पाण्यासारखं झिरपलं, परत उलट्या सुरू झाल्या, सुस्ती आली, फिट आली तरी.

टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी. हळद, तेल, राख काही लावायचं नाही. फिटची गोळी दिली असेल तर डॉक्टर बंद करतील तेव्हाच बंद. जड उचलणं, विहिरीवर चढणं-उतरणं, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल सर्जन परवानगी देईपर्यंत नाही. आमच्याकडे सहा आठवडे गेले, मग आधी गोठ्यातली हलकी कामं. विसर शिल्लक असेल तर मोबाइलचा गजर, भिंतीवर खडूनं लिहिलेला दिवसाचा क्रम आणि घरच्यांचा धीर, हाच उपचार. ‘सांगितलं होतं ना तुला’ हे वाक्य त्या महिन्यांत घरात बोलायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

एमआरआय तीन महिन्यांच्या सुमारास आणि मग वर्षातून एकदा, काही वर्षं. सिस्ट पूर्ण निघाली असेल तर अंतर वाढवतात. तुकडा राहिला असेल तर जास्त काळ लक्ष ठेवतात. शंट असेल तर त्याची कंपनी आणि प्रकार लिहिलेलं कार्ड पाकिटात कायम असू द्या.

प्रत्येक एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. नवीन चित्र जुन्या चित्राशेजारी ठेवूनच फरक कळतो. आमची पहिली सीडी पावसाळ्यात भिंतीच्या ओलीनं गेली. आता एक प्रत गावच्या घरी तांदळाच्या डब्यात, एक माझ्या बेळगावच्या खोलीत, आणि सगळे रिपोर्ट भावजयीच्या मोबाइलमध्ये असतात.